तंबू हाकेच्या अंतरावर

ताई, तुमचा बेत मला समजला तो असा. नाताळच्या सुट्टीत पुण्याहून पाच रात्रींसाठी कोकणात उतरायचं. तुम्ही दोघं, ११ आणि ७ वर्षांची मुलं आणि ६८ वर्षांचे सासरे. नवा कोरा सहाजणांचा तंबू घेतलाय. पाचही रात्री किनाऱ्यावर तंबूत काढायच्या, त्यातली एक बेटावर, जमलं तर सुवर्णदुर्ग नाहीतर सिंधुदुर्ग. हे सुरक्षित आहे का आणि जागा कुठली निवडावी, असं तुम्ही विचारता.

मी मालवण तालुक्यातला. गेली २२ वर्षं शाळकरी मुलांची निसर्गशिबिरं किनाऱ्यावर आणि खाडीकाठी घेतोय. म्हणजे दुसऱ्यांची मुलं वाळूत झोपवून रात्रभर जागं राहायचं, हा माझा धंदा. तेव्हा आधी उत्तर, मग कारणं. पाच रात्री नकोत. एक काढा, मजा आली तर दुसरी. समुद्रातल्या बेटावर अजिबात नको. आणि जागा शोधताना आधी घर शोधा, मग तंबूची जागा. रात्री दोन वाजता मुलाच्या पोटात दुखायला लागलं आणि हाक मारली, तर ओ देणारं माणूस किती पावलांवर आहे, यावर मी जागा पसंत करतो. सूर्यास्त कुठूनही दिसतो.

आता बेटं. तुम्ही नावं घेतलीत ते दोन्ही जलदुर्ग केंद्राच्या पुरातत्त्व खात्याकडे आहेत, तिथे मुक्काम करता येत नाही. शिवाय २०२५ च्या जुलैमध्ये मराठा लष्करी भूप्रदेश म्हणून जे बारा किल्ले जागतिक वारसा यादीत गेले, त्यात खांदेरी, सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग आणि सिंधुदुर्ग आहेत, म्हणजे यापुढे लक्ष आणखी वाढणार. पण नियम बाजूला ठेवले तरी मी नाहीच म्हणेन. सुवर्णदुर्गाला हर्णैहून मच्छीमारांची होडी ठरवून जायचं असतं. तिथे नीटसा धक्का नाही, गुडघाभर पाण्यात उतरून चालत जावं लागतं, आणि किल्ल्यावर वस्ती नाही. दुपारी उत्तरेकडून वारा सुटला की होडीवाला म्हणतो, "आता निघूया." तुम्ही म्हणालात की आम्ही थांबतो, तर सकाळी तो येईलच, हे समुद्राच्या हातात. सिंधुदुर्गाची गोष्ट थोडी वेगळी. १६६४ साली कुरटे बेटावर बांधायला घेतलेला हा किल्ला, त्यात दूधबाव, दहीबाव, साखरबाव या गोड्या पाण्याच्या विहिरी आहेत आणि काही कुटुंबं आजही राहतात. पण ते त्यांचं घर आहे. दिवसा जा, शिवराजेश्वराचं दर्शन घ्या, मुलांना विहिरीत डोकावू द्या. खारट समुद्राच्या मधोमध गोडं पाणी कसं, याचा विचार करण्यात त्यांचा दिवस जाईल. संध्याकाळच्या होडीने परत या.

बाकीची नावंही तुमच्या कानावर आली असतीलच. देवबागला कर्ली नदीच्या मुखाशी जे 'त्सुनामी आयलंड' म्हणून दाखवतात, तो वाळूचा दांडा आहे. भरतीला त्यावर पाणी चढतं. तिथे तंबू म्हणजे आत्महत्येची हौस. निवतीसमोरचे वेंगुर्ल्याचे खडक होडीतून लांबूनच पाहावेत. तिथल्या गुहांत पाकोळ्यांची वसाहत आहे. खाण्यासाठी ज्यांची घरटी चोरली जातात त्याच या पाकोळ्या, म्हणून तिथे माणसाची वर्दळ नकोच. अलिबागचा कुलाबा किल्ला ओहोटीला चालत गाठता येतो म्हणून लोकांना सोपा वाटतो. परतीची वाट पाण्याखाली गेली की मग कळतं, आपण आलो ते बेटावर.

पण बेटाची हौस मोडायला मला आवडत नाही, लहानपणी मलाही होती. म्हणून एक सुचवतो. खाडीतल्या बेटाला आमच्याकडे जुवा म्हणतात. कालावल खाडीत पाणखोल जुवा, खोतजुवा अशी माणसं राहणारी बेटं आहेत. चहूबाजूंनी खाडीचं शांत पाणी, कडेला कांदळवन, मध्ये माडांची वाडी, चार-दोन घरं, ये-जा होडीने. मुलांना हवं ते सगळं बेटपण यात आहे. होडीतून उतरणं आहे, चारी बाजूंनी पाणी आहे, रात्री खेकडे पकडायला बत्ती घेऊन जाणारे आजोबा आहेत. भीतीदायक ते फारसं नाही, कारण लाटा खाडीत पोचत नाहीत आणि वाऱ्यामुळे होडी अडकून पडायचा प्रसंगही क्वचितच. तिथे सोय आहे का, हे कालावल, हडी, मसुरे भागात एक दिवस आधी जाऊन विचारा. एखाद्या घराच्या खळ्यात, म्हणजे अंगणात, तंबूला हो म्हणतात का, पाहा. नाही म्हणाले तर मुकाट परत या. एकाने नाही म्हटलं म्हणून पलीकडच्या कडेला गुपचूप तंबू ठोकणारे पाहुणे मी पाहिलेत. पुढच्या पाहुण्यांना नाही म्हणायची सवय गावाला अशांमुळेच लागते.

आता पाच रात्री का नकोत. डिसेंबर हा कोकणात तंबूसाठी सर्वांत चांगला महिना, हे खरं. एप्रिल-मे मध्ये रात्री तंबूत माणूस उकडतो, जून ते सप्टेंबरचं बोलायलाच नको. पण तंबूतली रात्र म्हणजे अर्धी झोप. दुसऱ्या दिवशी तुमच्यापैकी कुणीतरी गाडी चालवणार आहे, खाडीकाठच्या त्या वळणांवरून. सासऱ्यांना जमिनीवरून उठताना गुडघे साथ देतात का, हे तुम्ही लिहिलं नाहीत, पण ६८ व्या वर्षी रात्री दोनदा तंबूची चेन उघडून वाकून बाहेर पडायला कुणालाच आवडत नाही. त्यांच्यासाठी घरात खाट आणि वीस पावलांवर तुमचा तंबू, अशी रचना केली तर सगळे खूश. मुलांना वाटेल आपण रानात आहोत, आजोबांना वाटेल आपण घरात आहोत.

यानंतर भरती. याच्यावर मी जरा जास्त बोलणार आहे, कारण तंबू वाहून जायचं पहिलं कारण वादळ नसतं, हिशेब चुकणं असतं.

सुरुवातीच्या वर्षांतली माझीच गोष्ट सांगतो. दत्तजयंती होती, देवगडकडच्या एका पुळणीवर चौदा मुलं घेऊन आम्ही चार वाजता पोचलो. पाणी लांब ओसरलेलं. सकाळच्या भरतीची ओली रेषा वाळूवर स्वच्छ दिसत होती, तिच्यावर दहा-बारा पावलं मोजून मी तंबू लावले आणि स्वतःवर खूश झालो. शेजारी रापण ओढून दमलेले एक आजोबा जाळं निवडत बसले होते. ते म्हणाले, "थंयसर नको रे झिला. रातचा पाणी वयर येता." म्हणजे तिथे नको रे पोरा, रात्री पाणी वर येतं. मी हसून मान डोलावली. मला वाटलं, आजोबांना पाहुण्यांची काळजी. रात्री अकराच्या आसपास एक मुलगा उठून म्हणाला, सर, तंबू हलतोय. हात लावला तर खालची प्लास्टिकची चादर पाण्याच्या पिशवीसारखी हिंदकळत होती. कुणाला काही झालं नाही. चौदा मुलं, चौदा ओल्या गोधड्या आणि वाहून गेलेल्या तीन चपला, एवढ्यावर निभावलं. सकाळी आजोबा त्यातली एक चपल हातात घेऊन आले. बोलले काहीच नाहीत, आणि तेच जास्त लागलं.

ते आजोबा काय सांगत होते हे मला पुढे नीट समजलं. आपल्या किनाऱ्यावर दिवसातून दोनदा भरती येते, पण दोन्ही सारख्या नसतात. पावसाळ्यात दुपारची भरती मोठी, हिवाळ्यात रात्रीची. चंद्र-सूर्य विषुववृत्ताच्या कुठल्या अंगाला आहेत यावर ते ठरतं. म्हणजे डिसेंबरात दिवसा दिसलेल्या ओल्या रेषेवर विसंबलात तर रात्री फसणार, आणि पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास तर नक्कीच. उंचीत फरक वीतभर असतो. पण सपाट पुळणीवर वीतभर उंची म्हणजे आडवी दहा-बारा पावलं. माझी मोजलेली दहा-बारा पावलं तीच.

म्हणून किनाऱ्यावर ओल्या रेषेकडे बघू नका, तिच्या वर बघा. आधी सुकलेल्या कचऱ्याची रेषा लागते. काळं पडलेलं शेवाळ, थर्मोकोलचे तुकडे, जाळ्याचे बोये, एकेकटी चपल. तो उधाणाचा, म्हणजे पौर्णिमा-अमावास्येच्या मोठ्या भरतीचा टप्पा. त्याच्याही वर वाळू जिथे उंचवट्यासारखी चढते तिथे जांभळ्या फुलांची, बकरीच्या खुरासारख्या पानांची वेल पसरलेली असते. तिचं नावच मर्यादवेल. वर्षभर समुद्र आपली मर्यादा कुठे ठेवतो, ते ती दाखवते. तंबू तिच्या जमिनीकडच्या अंगाला. तिच्यावर मात्र नको, ती वाळू धरून ठेवते, तुडवली तर पुढच्या पावसात तो उंचवटाच वाहून जातो. आणि जिथे ही वेलही नाही, वाळूचा कडा सुरीने कापल्यासारखा उभा आहे, सुरूची किंवा माडाची मुळं उघडी पडून लोंबताहेत, तिथे समुद्र आत सरकतोय. देवबाग, तळाशील असल्या चिंचोळ्या पट्ट्यांवर, जिथे एका बाजूला समुद्र आणि दुसऱ्या बाजूला खाडी, तिथे हे फार दिसतं. दिवसा फिरायला या जागा सुंदर आहेत. झोपायला मी जात नाही.

भरतीची वेळ काढायची जुनी युक्ती तुमच्या सासऱ्यांना कदाचित माहीत असेल: तिथीची पाऊणपट. भिंतीवरचं कालनिर्णय बघा, अष्टमी असेल तर आठाचे पाऊणपट सहा, म्हणजे सहाच्या सुमारास पूर्ण भरती, सकाळी आणि संध्याकाळी. तृतीयेला सव्वादोन. रोज सुमारे पन्नास मिनिटं पुढे. हा अंदाज मुंबईकडचा धरा, मालवणला पाऊण-एक तास आधी येते. शिवाय अर्धापाऊण तास इकडेतिकडे होतोच, तेव्हा होडीने जायचं असेल तर भरतीचं कोष्टक बघूनच जा. तंबूसाठी वेळेइतकीच तिथी महत्त्वाची. अष्टमीच्या आसपास भांगाची भरती असते, पाणी ना फार वर चढत ना फार खाली जात. सुट्टीतल्या पाच दिवसांत तंबूची रात्र निवडायची मुभा असेल तर भांगाची निवडा. आणि उत्तरेकडे जाल तसा चढउतार वाढतो हेही ध्यानात असू द्या. मालवणला उधाणाचा फरक सव्वादोन मीटरच्या आसपास, अलिबाग-मुंबईकडे साडेतीन-चार मीटर आणि कधी जास्तही. मालवणचा अनुभव घेऊन अलिबागजवळच्या नागावला तंबू लावू नये.

डिसेंबर आहे म्हणून वादळ येणार नाही, असं मी आता म्हणत नाही. फयान ११ नोव्हेंबर २००९ ला आलं आणि कोकणातले कितीतरी खलाशी परतले नाहीत. २०१९ मध्ये क्यार दिवाळीच्या तोंडावर आलं, किनाऱ्याला न लागता बाहेरूनच गेलं, तरी पाणी घरांत शिरलं. ओखी तर डिसेंबर २०१७ मध्ये, नेमकं पौर्णिमेच्या उधाणावर. शिवाय असंही होतं की आपल्याकडे पान हलत नाही, आकाश निळं आहे आणि दक्षिणेकडच्या दूरच्या महासागरात उठलेल्या लाटा चार-पाच दिवसांनी येऊन आपटतात. हैदराबादची इन्कॉइस ही केंद्र सरकारची संस्था उंच लाटांचा इशारा देते, हवामान खातं वादळाचा देतं. निघायच्या आदल्या रात्री आणि तंबूच्या दिवशी दुपारी दोन्ही बघा. इशारा असेल तर तंबू गाडीतच. बंदरातल्या होड्या खाडीत आत आणून बांधताना दिसल्या, तर मोबाइलही बघायची गरज नाही.

झाडांबद्दल. फोटोत सगळे माडाखाली तंबू लावतात. माडाखाली बसायचंसुद्धा नसतं, हे आमच्याकडे लहान पोरालाही ठाऊक असतं. नारळ पडतो तेव्हा आवाज करून पडत नाही. सुकी झावळी तर माणसाएवढ्या उंचीची आणि देठाकडे लाकडासारखी. वाडीत तंबू लावायचा तर चार माडांच्या मधली मोकळी जागा शोधा, किंवा सरळ खळं मागा. सुरूचं बन वाऱ्याला आडोसा म्हणून चांगलं, पण त्याच्या सुया पेट्रोलसारख्या पेट घेतात, तिथे शेकोटी नको, सिगरेटही नको. वाळलेली फांदी वर अडकलीय का ते मान वर करून बघा. आणि बन बहुतेक ठिकाणी वनखात्याचं असतं, त्यांना विचारायला लागतं. केवड्याच्या जाळीपासून लांब राहा. केवड्यात साप असतो ही दंतकथा म्हणून सोडून देऊ नका, गारवा आणि उंदीर असले की साप येणारच.

सापांवरून आठवलं. कोकणात तंबूसाठी सर्वांत महत्त्वाचा साप मण्यार, कारण ती रात्री फिरते आणि जमिनीवर झोपलेल्या माणसाला अंथरुणात चावते, बरेचदा चावल्याचं कळतही नाही. याला उपाय साधा आहे: तंबूची आतली जाळी चेन लावून कायम बंद, मुलं शौचाला उठली तरी परत येऊन बंद. खिडकी उघडी ठेवायची ती जाळीची. तंबू गडग्याला चिकटवू नका. जांभ्याच्या सुट्या चिऱ्यांच्या त्या कुंपणाच्या फटींत सगळं गाव राहतं; सहा-सात पावलं सोडा. सड्यावर, म्हणजे वरच्या जांभ्याच्या पठारावर, कातळशिल्पं बघायला अवश्य जा, पण तिथे फुरसं असतं आणि खुंटीही ठोकता येत नाही. सकाळी बूट झटकून घाला. लाल विंचवाच्या दंशाने पूर्वी इथे मुलं दगावायची. महाडच्या डॉ. हिम्मतराव बावस्करांनी प्राझोसिन या औषधाचा उपचार रूढ केला तेव्हापासून चित्र बदललं, पण त्यासाठी दवाखान्यात वेळेवर पोचावं लागतं. म्हणून जागा ठरवताना जवळचं ग्रामीण रुग्णालय कुठे आणि गाडी तंबूपासून किती लांब, हे दोन्ही मला माहीत असतं. चावलं तर बांधू नका, कापू नका, माणसाला न चालवता गाडीत घाला.

एवढं सगळं वाचून मुलं घाबरली असतील तर त्यांना सांगा, २२ वर्षांत आमच्या शिबिरात सर्वांत जास्त त्रास चिलटांनी दिलाय. संध्याकाळी खाडीकाठी वारा पडला की ती येतात, जाळीच्या भोकातूनही शिरतात. अंगभर कपडे आणि तास-दीड तास उंचवट्यावर वाऱ्यात बसणं, याखेरीज मला उपाय सापडलेला नाही. कडुनिंबाचं तेल लावणारे लावतात, चिलटं त्यांनाही चावतात.

वाऱ्याचं गणित मात्र तंबूसाठी उपयोगाचं. डिसेंबरात दुपारी समुद्राकडून, वायव्येचा वारा येतो. रात्री तो पडतो आणि पहाटे जमिनीकडून मतलई वारा सुटतो, गार आणि कोरडा. समुद्राकडे तोंड करून तंबू लावला तर फोटो छान येतो, पण संध्याकाळी वाळू आत आणि पहाटे वारा पाठीत. तोंड जमिनीकडे, जरा दक्षिणेला करा. दंव एवढं पडतं की सकाळी बाहेरचं कापड पिळून काढावं. त्यामुळे उकडतंय म्हणून वरचं कापड काढू नका, ते ताणून आतल्या जाळीपासून चार बोटं दूर ठेवा. ओली चड्डी-टॉवेल तंबूत नेऊ नका, सकाळी तुम्हीच ओले व्हाल.

वाळूत तंबूबरोबर येणाऱ्या खुंट्या धरत नाहीत, पहिल्याच वाऱ्यात उपटतात. आम्ही नारळाची सोडणं, म्हणजे सोललेली सालं, वापरतो. अर्ध्या सोडणाला मध्यावर दोरी बांधायची, हातभर खोल खड्डा करायचा, सोडण दोरीला आडवं पडेल असं खाली ठेवायचं, वाळू लोटून पायाने दाबायची आणि वर तांब्याभर पाणी ओतायचं. तंबू फाटेल पण सोडण सुटणार नाही. कुठल्याही वाडीत मागितलीत तर पोतंभर मिळतील, सरपणच ते. सकाळी उकरून परत द्या. आणि घरी गेल्यावर चेन गोड्या पाण्याने धुवा. खारट वाळूने तंबूची चेन जेवढी लवकर मरते तेवढी दुसऱ्या कशाने मरत नाही.

शेकोटीची हौस असेलच. घरमालकाला विचारून, त्याच्या जागेत, उघड्यावर. विझवताना वाळू लोटू नका, वाळूखाली निखारे तासन्‌तास लाल राहतात आणि सकाळी अनवाणी धावणारं पोर त्यावर पाय देतं. पाणी ओता, हात लावून बघा. कासवांच्या किनाऱ्यावर मात्र ना शेकोटी ना प्रखर दिवे. ऑलिव्ह रिडले माद्या साधारण नोव्हेंबर ते मार्च रात्री अंडी घालायला वर येतात, तुमचे दिवस नेमके त्यातले. उजेड दिसला, गोंगाट झाला की मादी परत फिरते. रत्नागिरी जिल्ह्यातल्या वेळासला २००२ पासून सह्याद्री निसर्ग मित्र ही संस्था आणि गावकऱ्यांनी हे काम उभं केलं, आता आंजर्ले, गुहागर, वायंगणी असे कितीतरी किनारे त्यात आहेत. पिल्लं बघायची तर फेब्रुवारीनंतर पुन्हा या, पण गावातल्या घरीच उतरा, किनाऱ्यावर नको.

परवानगीबद्दल लोक मला "कोण विचारतंय?" असं ऐकवतात. विचारतात. १९९३ साली रायगडच्या किनाऱ्यावर शेखाडीला मुंबईतल्या बॉम्बस्फोटांची स्फोटकं उतरली, २००८ ला मुंबईत माणसं समुद्रातून आली, तेव्हापासून रात्री किनाऱ्यावर अनोळखी बत्ती दिसली की गावातली पोरं आणि सागरी पोलीस दोघंही येतात, आणि आलेच पाहिजेत. दिवसाउजेडी सरपंच किंवा पोलीस पाटलांना भेटून गाडीचा नंबर देऊन ठेवा. वाडीत उतरलात तर हे काम घरमालकच करतो. तटरक्षक दलाचा १५५४ आणि नेहमीचा ११२, हे दोन नंबर कागदावर लिहून सासऱ्यांच्या खिशात ठेवा. शौचालयही याच हिशेबात येतं. पुळण ही गावातल्या बायकांची पहाटेची चालायची वाट असते, लहान मुलांची खेळायची जागा असते. घराचं शौचालय वापरायला मिळणार नसेल तर तिथे तंबू लावू नये, इतकं मी कडक सांगतो. दारूबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, म्हणून मीही बोलत नाही.

तुमच्या जागी मी असतो तर असं केलं असतं. कराडवरून कुंभार्ली घाट उतरून गुहागर, दोन रात्री. तिथली घरं रस्त्याला आणि वाड्या मागे थेट पुळणीपर्यंत. मागचं बेडं, म्हणजे कुंपणाचं फाटक, उघडलं की वाळू. पहिली रात्र सगळे घरात, दुसऱ्या दिवशी दुपारी वाडीत तंबू. एक रात्र तिथे. मग तवसाळ-जयगड फेरीबोटीतून गाडीसकट खाडी ओलांडायची, मुलांना ती बोट किल्ल्यापेक्षा जास्त आवडेल, आणि मालवणकडे तीन रात्री घरगुती सोयीत. तिथे तिथी भांगाकडे झुकलेली असेल आणि मुलांनी तंबूचं नाव पुन्हा काढलं तर एक रात्र कालावल खाडीकाठी किंवा जुव्यावर. परतताना फोंडा घाट. ३१ डिसेंबरच्या आत परत निघा. त्या रात्री किनाऱ्यावर तंबू लावायचा म्हणजे लग्नाच्या मांडवात झोपायचं.

फोनवर घर ठरवताना एकच प्रश्न जरूर विचारा: "तुमच्या वाडीत समुद्राचं पाणी शेवटचं कधी आलं होतं?" जो "काय नाय हो, बिनधास्त या" म्हणेल, त्याला आभार मानून फोन ठेवा. जो जरा थांबून "क्यारच्या वेळेस तिसऱ्या माडापर्यंत" असं काहीतरी मोजून सांगेल, त्याच्याकडे आगाऊ पैसे भरा.

आणि तो नवा तंबू या रविवारी गच्चीवर लावून बघा, अंधार पडल्यावर, फक्त टॉर्चच्या उजेडात. रात्रभर सगळ्यांनी त्यात झोपा. सहाजणांचा असं लिहिलेल्या तंबूत चारजण मावतात, हे गच्चीवरच कळलेलं बरं. शिवाय खांबाचा एखादा तुकडा कमी निघाला, तर दुकानदाराशी भांडायला तुमच्याकडे अजून वेळ आहे.